न जगलेले वय: रोहिणी हट्टंगडी यांच्या पडद्यावरील कामाचे परीक्षण

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमातला एक प्रसंग आहे. संडास साफ करण्याची पाळी आपल्यावर यावी हे कस्तुरबांना पटत नाही. शब्दाने शब्द वाढतो आणि संतापलेले मोहनदास पत्नीला धरून बाहेर काढू लागतात. लाज कशी वाटत नाही, मी तुमची पत्नी आहे, असे ती म्हणते आणि त्यांचा सगळा आवेश ओसरतो. मग समजूत पटते. पाहुणा ताटकळला आहे, मला गेले पाहिजे, असे ते म्हणतात तेव्हा कस्तुरबा उत्तर देतात की मलाही आता संडास साफ करायला गेले पाहिजे. रोहिणी हट्टंगडी यांनी हे वाक्य, चुलीवर दूध ठेवले आहे असे सांगावे, इतक्या साध्या सुरात म्हटले आहे. नवऱ्याचे म्हणणे तिला पटले, की त्याच्यावरच्या मायेपोटी तिने ते स्वीकारले, याचा निवाडा त्या करत नाहीत. या प्रसंगात बेन किंग्जली यांच्याकडे राग आहे, पश्चात्ताप आहे, संवादही जास्त आहेत, तरी प्रसंग संपल्यावर मनात राहते ते हे वाक्य.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांचे दहा-बारा चित्रपट आणि मालिकांचे जेवढे भाग हाती लागले तेवढे शक्यतो काळाच्या क्रमाने पुन्हा पाहिले. त्यांतले बरेचसे आधी पाहिलेले होते, पण सुटे सुटे, कधी दूरदर्शनवर तर कधी कोणाच्या तरी घरी अर्ध्यातून. ओळीने पाहिल्यावर लक्षात आले की चरित्र अभिनेत्री हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. नायिका नसलेली, आई-मावशी-सासू करणारी, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ उरला आहे. रोहिणीताईंचे काम पाहताना त्या शब्दातले ‘चरित्र’ पुन्हा जिवंत होते, कारण त्यांनी उभी केलेली प्रत्येक बाई पडद्यावर येण्यापूर्वी बरेच काही जगून आलेली असते.

पूर्वाश्रमीच्या त्या रोहिणी ओक. शिक्षण पुण्याच्या रेणुका स्वरूप शाळेत झाले, पुढे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या आणि १९७४ मध्ये तिथला अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडल्या. विद्यालयाचे संचालक इब्राहिम अल्काझी यांचा तो कडक शिस्तीचा काळ होता, आणि पुढे ज्यांच्याशी विवाह झाला ते दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी त्यांचे तिथले सहाध्यायी होते. शास्त्रीय नृत्याची तालीमही त्यांना मिळालेली होती. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो आहे. नृत्य शिकलेल्या माणसाला आपल्या शरीराचे वजन कोणत्या पायावर आहे हे सतत ठाऊक असते, आणि रोहिणीताईंच्या अभिनयाचे मर्म मला तिथेच सापडते.

कारण त्यांच्या कारकिर्दीची सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे वय. सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) पासून चित्रपटांची सुरुवात झाली आणि अवघ्या चार-सहा वर्षांत, स्वतः तिशीच्या आसपास असताना, त्यांनी तरुणपणापासून मृत्यूपर्यंतच्या कस्तुरबा केल्या आणि ‘सारांश’मधली मुलगा गमावलेली म्हातारी आई केली. पडद्यावर तरुण असण्याची त्यांची वर्षे जवळजवळ आलीच नाहीत. केस पांढरे करणे हे रंगभूषाकाराचे काम आहे आणि ते कोणालाही करून मिळते. म्हातारपण मात्र उठताना आणि बसताना दिसते. बसण्यापूर्वी माणूस बसायच्या जागेचा अंदाज घेतो, उठताना आधी हाताला काही आधार सापडतो का ते पाहतो, हाक आली की आधी मान वळते आणि धड मागाहून वळते. हे सगळे त्या करतात, पण मोजून-मापून केल्यासारखे कुठेही वाटू देत नाहीत. पदर सावरण्याची त्यांची लकब प्रत्येक भूमिकेत निराळी आहे. कस्तुरबांचा पदर डोक्यावरून कधी ढळत नाही आणि त्याकडे त्यांचे लक्षही नसते. ‘सारांश’मधल्या पार्वतीला मात्र आपल्या पदराचे भान असते, ते मध्यमवर्गीय मुंबईकर घरातल्या नेटकेपणाचे भान आहे.

महेश भट्ट यांचा ‘सारांश’ (१९८४) अनुपम खेर यांचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या नवख्या नटाने निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान उभा केला, त्या पराक्रमाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. तरीही या वेळी चित्रपट पाहताना मी ठरवून पार्वतीवरच नजर ठेवली, आणि चित्रपटाचा तोल ती सांभाळते आहे याची खात्री पटली. न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून एकुलता एक मुलगा मारला गेला आहे. प्रधान मास्तरांचे दुःख व्यवस्थेशी भांडत बाहेर पडते. मुलाच्या अस्थी मिळवण्यासाठी सरकारी कचेरीत त्यांना कराव्या लागणाऱ्या मिनतवाऱ्यांचा प्रसंग कोणी विसरणार नाही. पार्वतीला असे भांडण उपलब्ध नाही. घरात भाड्याने राहणाऱ्या सुजाताच्या पोटी आपला मुलगा पुन्हा जन्म घेणार आहे, ही एकच गोष्ट ती धरून बसते.

ही भूमिका करताना घसरण्याच्या जागा दोन होत्या. पार्वतीला भोळसट, अंधश्रद्धाळू बाई म्हणून दाखवता आले असते किंवा तिला वेडाच्या काठावर नेता आले असते. रोहिणीताई यांतले काहीही करत नाहीत. त्या पार्वतीला कामाला लावतात. श्रद्धा सापडल्यावर तिच्या चालीत गती येते, स्वयंपाकघरातला वावर बदलतो, गर्भार मुलीकडे पाहताना तिचे डोळे हिशेब करू लागतात. आई होण्याचे काम तिला परत मिळाले आहे. त्यामुळे तिच्या भल्यासाठीच प्रधान मास्तर सुजाताला आणि तिच्या प्रियकराला घर सोडायला लावतात, तेव्हा तिचा आकांत आपल्याला दुसऱ्यांदा मुलगा गेल्याचा आकांत म्हणून ऐकू येतो. शेवटी पहाटेच्या बागेत मास्तर तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत आपल्या आयुष्याचा सारांश पाहतात. ते वाक्य लेखकाने नटाला दिले आहे, पण ते खरे वाटते ते समोरच्या चेहऱ्यामुळे, आणि त्या वेळी त्या चेहऱ्यावर खऱ्या सुरकुत्या नव्हत्या.

त्याआधी महेश भट्ट यांच्याच ‘अर्थ’मध्ये (१९८२) त्यांनी मोलकरीण केली. दारुडा नवरा, त्याची दुसरी बाई, आणि मुलीला चांगल्या शाळेत घालायचे म्हणून पैपै साठवलेले पैसे. ते पैसे नवरा उडवतो आणि ही बाई त्याचा जीव घेते. शबाना आझमींच्या पूजाला जे प्रश्न सुशिक्षित भाषेत पडतात तेच या बाईला हातातोंडाशी पडतात, अशी पटकथेची मांडणी आहे. ती थोडी ठरवून केलेली आहे, आणि कमी कुवतीच्या अभिनेत्रीच्या हाती ही बाई केवळ नायिकेची पडछाया झाली असती. खून झाल्यावर तिला चिंता आहे ती फक्त पोरीचे काय होणार याची. त्या प्रसंगात रोहिणीताई अपराधाकडे वळूनही पाहत नाहीत. एक काम उरकले, आता दुसऱ्याची घाई आहे, असा तो भाव आहे, आणि तो अंगावर काटा आणतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘गांधी’साठी ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो त्या वर्षी मॉरीन स्टेपलटन यांच्यासोबत विभागून होता. महाराष्ट्रात या बाफ्टाचा उल्लेख वारंवार होतो, पण ज्या कामासाठी तो मिळाला त्याबद्दल फारसे कोणी बोलताना मी ऐकले नाही.

मला विचाराल तर त्यांचे पडद्यावरचे सर्वश्रेष्ठ काम या दोन्ही चित्रपटांत नाही. ते गोविंद निहलानी यांच्या ‘पार्टी’मध्ये (१९८४) आहे. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारलेला हा चित्रपट एका रात्रीत, एका श्रीमंत घरात घडतो. ज्येष्ठ लेखक दिवाकर बर्वे यांना मोठा सन्मान मिळाला आहे म्हणून विजया मेहतांच्या दमयंती राणे यांनी मेजवानी दिली आहे. मनोहर सिंग यांनी केलेल्या या लेखकाच्या आयुष्यातली बाई मोहिनी, म्हणजे एकेकाळची अभिनेत्री. तिने रंगभूमी सोडली, माणूस धरला, आणि आता हाती ग्लास उरला आहे.

दारू प्यायलेले पात्र म्हणजे नटाला उधळून देण्याची मुभा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. रोहिणीताईंची मोहिनी मेजवानीला येते तेव्हा स्वतःला अगदी घट्ट बांधून आलेली असते. चालताना तोल जाऊ नये म्हणून घेतलेली काळजी, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारण्याचा आटापिटा, आणि कोणी आपल्याकडे पाहत नाही ना याची चोरटी चाचपणी, यांतून तिचे पिणे आधी कळते. नंतर बांध फुटतो. त्या वेळी एक गोष्ट घडते, जी मी इतरत्र क्वचितच पाहिली आहे. मोहिनीच्या रडण्यात तिच्यातली जुनी अभिनेत्री डोकावू लागते. आपण रडतो आहोत हे तिला कळते आहे, रडणे कसे दिसते हेही कळते आहे, आणि तरी ते रडणे खोटे नाही. अभिनेत्रीने अभिनेत्रीचा कोसळणारा क्षण असा दाखवणे म्हणजे स्वतःच्या हुनराची आतली बाजू उघडी करून ठेवणे आहे. त्यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी हा चित्रपट पूर्वी एका तबकडीवर पाहिला होता. ती नेमकी मोहिनीच्या प्रसंगाच्या आसपास अडकायची आणि प्रसंग तुकड्यातुकड्यांत पाहावा लागायचा. या वेळी तो सलग पाहिला आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही.

त्यानंतरच्या दशकाबद्दल मात्र मला तक्रार आहे. १९८४ या एका वर्षात ‘सारांश’, ‘पार्टी’ आणि सईद मिर्झा यांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो!’मधली वकील अशा तीन टोकांच्या भूमिका केलेल्या अभिनेत्रीला हिंदी व्यवसायाने पुढे बहुतेक आयाच दिल्या. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, बच्चन त्यांच्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मोठे असूनही. ‘दामिनी’मध्ये (१९९३) जवळपास समवयस्क असलेल्या ऋषी कपूर यांच्या त्या आई आहेत. ज्या कसबाने त्यांनी पार्वती उभी केली होती त्याच कसबाचा हा दंड होता. म्हातारी इतकी अस्सल वठवली की कोणाला त्यांच्यात तरुण बाई दिसेना.

तरीही ‘अग्निपथ’ टाळू नये. मांडव्याच्या मास्तरांची विधवा सुहासिनी चव्हाण ही हिंदी चित्रपटांतल्या आयांमध्ये वेगळी उठून दिसते, कारण ती मुलाला क्षमा करत नाही. मुकुल आनंद यांच्या भडक, मोठ्या आवाजाच्या चित्रपटात त्यांनी आपला आवाज खाली ठेवला आहे. जेवायला आलेल्या मुलाच्या हातांवरून त्या दोघांत जे होते, त्यात आईच्या पवित्र्यामागे दीनानाथ मास्तरांच्या घरातली शिस्त उभी आहे. या भूमिकेनेही त्यांना फिल्मफेअर मिळवून दिले. ‘दामिनी’तली सासू त्या मानाने एकाच सुरात लिहिली आहे. मुलाला वाचवण्यासाठी खरे दडपणाऱ्या प्रतिष्ठित घरातली बाई असूनही तिच्या मनात चाललेल्या ओढाताणीला पटकथेने जागा ठेवली नाही, आणि रोहिणीताईंनी तरी काय करावे. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मधली (२००३) आई गोड आहे, छोटी आहे, तिथे त्यांना फारसे करण्यासारखे नव्हते.

‘चालबाज’ (१९८९) या यादीत कोणी धरत नाही, आणि तो धरायलाच हवा. पंकज पराशर यांच्या या चित्रपटात पुतणीचा छळ करून तिच्या संपत्तीवर डोळा ठेवणारे काका-काकू आहेत अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी, म्हणजे ‘सारांश’मधले प्रधान पती-पत्नी! पाच वर्षांपूर्वी ज्यांनी अख्ख्या देशाला रडवले त्या जोडीने इथे दुष्टपणाचा अर्क काढला आहे. अंबा काकूच्या नटण्यात, चालण्यात, भुवई उंचावण्यात त्यांना मनापासून मजा आली असावी असे वाटते. श्रीदेवींनी दुहेरी भूमिकेत जी धमाल उडवली तिला समोरून तोडीस तोड भिंत लागत होती, आणि ती या काकूने पुरवली. विनोदी अंगाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आणखी यायला हव्या होत्या ही चुटपुट हा चित्रपट पाहताना प्रत्येक वेळी लागते.

दक्षिणेकडे त्यांना जे मिळाले ते महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नसते. मल्याळममध्ये बालचंद्र मेनन यांच्या ‘अच्युवेट्टंटे वीडु’मध्ये (१९८७) त्या नेडुमुडी वेणू यांच्यासोबत आहेत. तेलुगूत ‘सीतारामय्या गारी मनवरालु’मध्ये (१९९१) अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या पत्नीची भूमिका त्यांनी केली. अक्किनेनी त्यांच्याहून एका पिढीने मोठे, तरी पडद्यावर ते अनेक वर्षांचा संसार झालेले जोडपे वाटतात. मला तेलुगू कळत नाही. मी तो चित्रपट भाषांतराच्या ओळी वाचत सुरू केला आणि अर्ध्या तासाने लक्षात आले की आजीच्या वाक्यांचे भाषांतर मी वाचतच नव्हतो.

आता दूरचित्रवाणी. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. या मालिकेचे परीक्षण चित्रपटाच्या फूटपट्टीने करणे अन्यायाचे होईल. कथानक किती वेळा त्याच वळणावर आले याची गणती कोणी करू नये. एकाच प्रतिक्रियेवर कॅमेरा तीनदा झेपावायचा आणि पार्श्वसंगीत दणाणायचे, तेव्हा उत्तम अभिनेत्रीचा चेहराही ठोकळा होऊन जातो, आणि तसा तो अनेकदा झाला. संकलनाचा हा खाक्या मला तेव्हाही रुचत नव्हता. पण आशा देशमुख ही सासू मराठी घरांत बारा-एक वर्षे रोज येत राहिली, आणि तिचा मान कधी कमी झाला नाही, याचे श्रेय लेखनापेक्षा रोहिणीताईंच्या उभे राहण्याला द्यावे लागेल.

माझी आजी ही मालिका लागली की लसूण सोलायला घेऊन बसत असे. संवादांकडे तिचे फारसे लक्ष नसे, पण आशाताई बोलायच्या थांबल्या की आजीचे हात थांबत. आता काय म्हणते ते बघ, असे ती आम्हाला दटावून सांगे. ती थांबण्याची जागा दिग्दर्शकाने सांगून येत नसते. घरातल्या कर्त्या बाईने सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर आणि आपले सांगण्यापूर्वी घेतलेला तो अवकाश असतो, आणि आजीने तो स्वतःच्या आयुष्यात घेतलेला होता. रोजच्या चित्रीकरणाच्या रेट्यात, हाती ऐनवेळी येणाऱ्या संवादांच्या कागदांतून, एखाद्या अभिनेत्रीने ही जागा वर्षानुवर्षे राखली असेल तर तिच्या निष्ठेला दाद दिली पाहिजे. झी मराठीवरच्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये (२०१३ ते २०१६) त्यांनी आईआजी केली तेव्हा हीच सत्ता अधिक मऊ झाली होती. भागीरथीबाई गोखले रागावतात तेव्हा घर खरोखर शांत होते आणि हसतात तेव्हा नातू श्री एकदम लहान मुलगा होतो. तिथे त्यांना आशाताईंपेक्षा कमी बोलावे लागले आणि ते अधिक शोभले.

त्यांच्यात दोषच नाही असे मी म्हणणार नाही. रंगभूमीचा आवाज कधीकधी कॅमेऱ्यासमोर जास्त होतो, विशेषतः नव्वदच्या दशकातल्या रडण्या-ओरडण्याच्या प्रसंगांत. दिग्दर्शकाने हात सैल सोडला की त्या प्रसंग भरून काढायला जातात आणि तो गरजेपेक्षा मोठा होतो. ‘अपराजिता’सारखा एकपात्री प्रयोग पेलणाऱ्या अभिनेत्रीला मोठे होणे सोपे असते, लहान राहणे कठीण. निहलानी, भट्ट, ॲटनबरो यांनी त्यांना लहान राहायला लावले आणि तिथे त्या सर्वांत उंच दिसतात.

‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मी चित्रपटगृहात, दुपारच्या खेळाला पाहिला. केदार शिंदे यांचा हा चित्रपट मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींचा आहे, आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना झाली. सभागृहात नव्वद टक्के बायका होत्या, अनेकजणी नऊवारी नेसून, नथ घालून आल्या होत्या. रोहिणीताईंनी थोरली बहीण जया केली आहे. वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब अशा पाचजणी सोबत असताना पुढे येण्याची धडपड त्या करत नाहीत, थोरलीने मागे उभे राहून सगळ्यांवर नजर ठेवावी तशा राहतात. चित्रपट स्वतः भावनांना थोडा सढळ हात लावतो, पण तक्रार करावी इतका नाही. सत्तरीच्या आसपासच्या रोहिणीताई पडद्यावर फेर धरतात तेव्हा मला ‘सारांश’मधली पार्वती आठवली. तिथे एक तरुण बाई म्हातारीचे पाय टाकत होती, आणि इथे वय खरेच अंगावर आलेले असताना त्यांची पावले हलकी पडत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या, ओळखपाळख नसलेल्या बाईंनी तेवढ्यात माझ्या दंडावर थाप मारून, पाहिलंत का, असे विचारले.

ज्यांना एकच संध्याकाळ काढता येणार असेल त्यांनी ‘पार्टी’ पाहावा, सलग आणि दिवे मालवून. दोन संध्याकाळी असतील तर पहिल्या दिवशी ‘सारांश’ आणि दुसऱ्या दिवशी ‘चालबाज’, याच क्रमाने.